उभी गाडी बंद पडते तेव्हा

मंगळवार, ९ मार्च, सकाळ

प्रिय,

आधी तुझ्या तब्येतीची चौकशी करतो. मनगट कसे आहे? थंडीत दुखले का? तुझ्या ताईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या घरी तुला चौदा महिने झाले. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की क्षमा मागावी, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

इकडे सर्व ठीक. 'सर्व' या शब्दात माझ्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशनही धर. जानेवारीत झाले. तुला कळवले नाही, कारण कळवणे म्हणजे बोलावणे ठरले असते, आणि बोलावण्याचा अधिकार मला उरला आहे का, हा मुद्दा अनिर्णित होता. हॉस्पिटलच्या अर्जावर 'जवळची व्यक्ती' या रकान्यापाशी बराच वेळ पेन धरून बसलो. शेवटी तुझेच नाव लिहिले. फोन नंबर मात्र आपल्या घरचा दिला, जिथे उचलायला कोणीच नव्हते.

पत्राचे कारण गाडी आहे.

गेल्या गुरुवारी ऑपरेशननंतर प्रथमच ती बाहेर काढली. पहिल्याच सिग्नलला बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला मागचा टॅक्सीवाला ओरडला, "आजोबा, जमत नाही तर घरी बसा की!" मी काच वर केली. 'आजोबा' वगळता हेच वाक्य मी तुला ऐकवले होते.

आपला मेकॅनिक, ज्याला तू 'हेडमास्तर' म्हणतेस, त्याने बॉनेट उघडून नेहमीप्रमाणे उलटतपासणी सुरू केली.

"काका, ही आजची घाण नाही. दोन-तीन वर्षांची आहे. आधी बंद पडायची नाही?"

"माझ्या हातात कधीच नाही."

"गाडी उभी असताना अॅक्सिलरेटरवर पाय देता काय?"

"देतो. हलकासा. जुन्या गाडीपासूनची सवय आहे."

तो हसत सुटला. "मग पडेल कशी बंद? रोग गाडीला, आणि औषध तुमच्या बुटात! आता गुडघ्यामुळे पाय उचललात, तर उघडं पडलं. काकू पाय काढून घ्यायच्या ना? बरोबर चालवायच्या त्या."

त्याचे म्हणणे असे. पाय काढल्यावर इंजिनाला जगण्यापुरती हवा एका लहानशा व्हॉल्व्हमधून मिळते. त्यात काजळी साचली की इंजिन गुदमरते. तो व्हॉल्व्ह साफ करण्याचे काम मी मागून घेतले. दोन स्क्रू काढले, वायरची पिन सोडवली, फवारा मारून जुन्या टूथब्रशने घासले. काळे पाणी थांबेचना. हेडमास्तर म्हणाला, "बास काका, झिजवून टाकाल." मी आणखी थोडे घासले.

आता अपघाताआधीच्या त्या आठवड्याविषयी. तू म्हणालीस, "अहो, उभी राहिली की विझते ही." मी तीन दिवस गाडी चालवली, प्रत्येक चौकात थांबलो, आणि निकाल दिला: गाडी निर्दोष, सबब दोष चालवणाऱ्याचा. साक्षीदार मी, न्यायाधीश मी, आणि पुराव्यावर पायही माझाच. पुढच्याच सोमवारी ती चौकात बंद पडली आणि मागून टेम्पो आदळला. तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. विम्याचे निवेदन मी माझ्या अक्षरात लिहिले, 'चालकाच्या चुकीने इंजिन बंद पडले,' आणि त्यावर तुझी डाव्या हाताची सही घेतली. तू इतकेच म्हणालीस, "तुम्ही म्हणता तर असेल." ती मी कबुली समजलो. चाळीस वर्षे वकिली करूनही कबुली कोणती आणि थकवा कोणता, हे मला ओळखता आले नाही.

हात बरा होईपर्यंत म्हणून तू ताईंकडे गेलीस. हात बरा होऊन वर्ष झाले, हे मला माहीत आहे.

ते निवेदन चुकीचे होते आणि ती चूक माझी होती, असे विमा कंपनीला लेखी कळवले आहे. प्रत सोबत आहे. त्यांना त्याचा काही उपयोग नाही. तुझ्या नावापुढे मात्र ते राहता कामा नये.

व्हॉल्व्ह बसवल्यावर हेडमास्तर म्हणाला, "आता चालू करा आणि दहा मिनिटं पाय लांब ठेवा. मध्ये लुडबुड नको. तिचं तिला सावरू द्या." दोन्ही पाय सीटखाली ओढून बसलो. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली आला, थरथरला. आता गेली, असे दोनदा वाटले. मांडी आपोआप ताठत होती. गाडी बंद पडली नाही. काटा सावकाश एका जागी स्थिरावला आणि इंजिन तसेच चालत राहिले. त्या दहा मिनिटांत मला बोलायला कोणीतरी हवे होते.

रविवारी सकाळी दहाला ताईंच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी चालू ठेवून थांबेन. हॉर्न वाजवणार नाही, दाराशी येणार नाही. मी चालकाशेजारच्या सीटवर बसलेला असेन. तू आली नाहीस तर अर्ध्या तासाने परत फिरेन, आणि कारण विचारणार नाही.

'उत्तराची अपेक्षा नाही' असे लिहून संपवणार होतो. ते खरे नाही.

अपेक्षा ठेवून,
तुझा