अब्रामचा कद्दीश

अकोला, शनिवारी, शब्बाथ उतरल्यावर

चि. हस्केल,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तू आता भाऊ कमी अन् सिनेगॉगात प्रार्थना चालवणारा हज्जान जास्त झालास.

माझ्या लेकाच्या, अब्रामच्या मातीवर मी कद्दीशची प्रार्थना म्हटली. तू लिहितोस, ती चालत नाही, तिले दहा यहुदी पुरुष लागतात. अरे, या तापानं अकोल्यात आपले चार तरी उभे ठेवले का? नातू तापानं पडला तवा एलियाहू हन्नाबी पैगंबराले नवसाचा मलिदा केला. नातू गेला, सून गेली, मलिदा ताटात तसाच राहिला. मग अब्राम गेला. पुंजाराम माळी तापानं गेलेल्या आपल्या पोरीले जाळून थेट आमच्या दारी आला अन् म्हणे, "मायबाई, खांदा मी देतो." त्याले तुझा देव मोजत नाही. मी बाई, मलेही मोजत नाही.

वरून तू म्हणतोस, उपास कर, देव ऐकेल. जन्मभर मी एकटीनं शमाची प्रार्थना म्हटली, तवा त्यानं माणसं नाही मागितली. आता त्याले माझ्याशी बोलायचं असलं तर त्यानं एकट्यानं येऊ नये. दहा जण घेऊन यावं, अन् त्यात पहिला पुंजाराम पाहिजे.

अजून तरी तुझी बहीण,
मिलकाबाई