हॉलवर माझं नाव

२ जानेवारी

संकल्प: या वर्षी मृत्युपत्र करायचं. घर आपल्या दंतवैद्य संघटनेला द्यायचं. बदल्यात संघटनेच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या हॉलला माझं नाव.

कालच्या बैठकीत 'वारसा नियोजन कक्षा'च्या प्रमुखपदी माझी एकमताने निवड झाली. काम असं, की सभासदांनी वेळेत मृत्युपत्र करावं, जमल्यास त्यात संघटनेच्या धर्मादाय निधीची आठवण ठेवावी, यासाठी त्यांना शहाणं करून सोडायचं. कायद्याचं बघायला एक सल्लागार बाई गेली कित्येक वर्षं आहेतच. सभासद आणि घरच्यांना पहिली भेट फुकट. फक्त कक्षाला आजवर वजनदार माणूस मिळाला नव्हता. निवड झाली तेव्हा मी हात धुवायला गेलो होतो. माझ्या माघारीही लोकांना माझंच नाव सुचतं.

खाली लिफ्टशेजारी पितळी फलक आहे. मृत्युपत्रात संघटनेला काही ठेवलेल्यांची नावं त्यावर. ऑर्थोवाल्याचंही आहे. माझा वर्गमित्र. जन्मभर पोरांच्या दातांना तारा बांधल्या आणि मृत्युपत्रात संघटनेच्या लायब्ररीला पुस्तकं ठेवली, तीही कोरी करकरीत. त्याच्या वरच्या ओळीत नुसतंच 'एक हितचिंतक'. नाव लावायची लाज वाटावी असं काय दिलं असेल? दोन टेबलफॅन असतील.

बायकोला इतक्यात सांगायचं नाही. सरप्राइज.

९ जानेवारी

हॉलच्या पाटीचा मजकूर: 'थोर दंतवैद्य, विचारवंत व दानशूर'.

दुपारी 'विचारवंत' काढला. संध्याकाळी परत घातला. खोटी विनम्रता माझ्या स्वभावात नाही.

२१ जानेवारी

सभासदांसमोर माझं व्याख्यान. विषय 'उद्याचं आजच'. हॉल भरला होता म्हणायला हरकत नाही. पुढच्या रांगा रिकाम्या होत्या, पण त्या नेहमीच असतात. प्रोजेक्टर चालला. मी तीन सुवर्णनियम सांगितले. एक, घरच्यांशी बोला. दोन, न वाचता कशावरही सही करू नका. तीन, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका, नाहीतर त्याचा वाटा बाद होतो. तिसऱ्या नियमाला लोकांनी माना हलवल्या. मी जरा रंगवून सांगितलं: एखादा महामूर्ख स्वतःच्याच वाट्यावर स्वतःच्याच हाताने पाणी सोडतो. हशा पिकला.

शेवटी ऑर्थोवाल्याने विचारलं, तुझं झालंय का. मी म्हणालो, जवळजवळ. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणाला, आणि तेही माइकजवळ.

संकल्प: महिनाअखेर स्वतःचं उरकायचंच.

३ फेब्रुवारी

महिनाअखेर सर्दी होती.

आज सल्लागार बाईंची भेट. वय फार नाही, चष्मा जाड, बोलणं मोजकं. मी पाटीचा मजकूर, अक्षरांचा नमुना आणि हॉलचं स्केच घेऊन गेलो. त्यांना घराची कागदपत्रं हवी होती. तपशिलात अडकणारी माणसं असतात.

घर संघटनेला म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्यानंतर तुमच्या मिसेस कुठे राहणार. प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, मुलीकडे. मुलीला विचारलंय का? म्हटलं, विचारायचं काय त्यात, मुलगी आहे. मग मिसेसना विचारलंय का? म्हटलं, सरप्राइज आहे. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून माझ्याकडे बघितलं. औदार्याने भारावल्या असाव्यात.

१२ फेब्रुवारी

बायको बाजारात गेल्याचं साधून कपाट उघडलं. तिच्या फायली रंगाप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. दवाखान्याचं काउंटर तिने आयुष्यभर असंच सांभाळलं. अपॉइंटमेंट, हिशेब, सुट्टीवर गेलेल्या असिस्टंटच्या जागी सक्शनची नळी धरणं, हत्यारं उकळणं, सगळं तीच करायची. पगार अर्थातच नाही. घरचंच माणूस.

घराची फाइल सापडली. घर तिच्या नावावर आहे.

चहा घेतला. परत वाचलं. तिच्याच नावावर आहे.

आठवलं. घर घेतलं तेव्हा टॅक्स वाचवायला मीच तिच्या नावाने घेतलं. ठेवी, गाडी, दवाखान्याचा गाळा, जे येईल ते तिच्या नावावर. सीए सावध करत होता, तर मीच त्याला म्हणालो होतो की याला डोकं लागतं. डोकं लागलं खरं. सरकारला काही सापडू दिलं नाही आणि आता मलाही सापडत नाही.

१६ फेब्रुवारी

बाईंची दुसरी भेट. माझ्या स्वतःच्या नावावर काय आहे त्याची यादी केली. दवाखाना विकला तेव्हा घरी आणलेली जुनी पेशंटची खुर्ची, सध्या गॅलरीत. टूथपेस्टच्या एका कंपनीचे शेअर. कंपनी आता नाही. बस.

बाईंनी समजावलं, एवढ्यावर हॉल बसत नाही. लायब्ररी? तिथे ऑर्थोवाला बसलाय. लॉबीतला बाक? त्याला बाक द्यावा लागतो. खुर्ची चालेल का विचारलं. त्या संघटनेच्या सेक्रेटरीला फोन करून आल्या. जुन्या खुर्च्या ठेवायला जागा नाही म्हणाले. दात कोरून पोट भरत नाही हे मी जन्मभर पेशंटना सांगत आलो.

नवा प्लॅन: बायकोलाच पटवायचं. घर तिचं, पण कल्पना माझी. पाटीवर कल्पना कुणाची हेच महत्त्वाचं.

२० फेब्रुवारी

पटवण्याची मोहीम सुरू. सकाळी तिच्यासाठी चहा करायला गेलो. साखर सापडली नाही. विचारलं तर म्हणाली, समोर आहे. होती. तिने एक घोट घेतला आणि विचारलं, काय हवंय तुम्हाला.

इतकी वर्षं बरोबर राहिल्याचा हा तोटा.

सगळं सांगून टाकलं. हॉल, पाटी, घर, मुलीकडे राहण्याची सोय. पाटीचा मजकूरही वाचून दाखवला. ती 'विचारवंत'पर्यंत गंभीर होती. मग म्हणाली, तिचं मृत्युपत्र केव्हाच झालंय. त्याच सल्लागार बाईंकडून, त्याच फुकटच्या भेटीत. तेव्हा त्या नवीन होत्या आणि हिच्याशिवाय कुणी जात नव्हतं.

मला का नाही सांगितलंस म्हणालो.

"सांगितलं की. तुमचीच सही आहे त्यावर."

२० फेब्रुवारी, दुपारी

शक्य नाही. मी न वाचता सही करत नाही.

२१ फेब्रुवारी

सही माझीच आहे. खाली दवाखान्याचा शिक्कासुद्धा आहे.

ती म्हणते तसं झालं असावं. पेशंटची दाढ निघत नव्हती, मी घामाघूम, ही कागद घेऊन आली. मी ग्लोव्ह काढून म्हणालो, कुठे करू एवढं सांग. केली. परत दाढेकडे. दाढ निघाली होती, तेवढं मला आठवतं.

मग वाचायला घेतलं. संघटनेकडे तिने आधीच सुरू केलेल्या एका निधीला उरलेल्या ठेवी, दंतवैद्यांच्या असिस्टंट मुलींच्या शिक्षणासाठी. 'ज्या दिवसभर उभ्या राहून नळी धरतात त्यांच्यासाठी', असं लिहिलंय. नाव जाहीर करू नये, ही अट. म्हणजे फलकावरचा 'एक हितचिंतक' माझ्या समोर बसून भाजी निवडत होता. टेबलफॅनचं मी कुणाजवळ बोललो नाही ना? ऑर्थोवाल्याजवळ बोललो होतो.

पुढे घराचं. मुलीला देण्याआधी, 'माझ्या पतीला हयातभर या घरात राहण्याचा हक्क. त्यांची सकाळच्या उन्हाची खोली कुणी घेऊ नये. त्यांना वस्तू सापडत नाहीत, तेव्हा वस्तूंच्या जागा बदलू नयेत.'

फायलींवर धूळ फार असते. डोळे चुरचुरले. मी तिला मुलीकडे पाठवायला निघालो होतो आणि हिने माझ्या उन्हाची सोय करून ठेवली होती. वाईट वाटलं. तसं तिला सांगायला हवं.

मग नजर परत खालच्या सहीवर गेली. साक्षीदार: मी.

नियम तिसरा.

२३ फेब्रुवारी

सल्लागार बाईंना आडवळणाने विचारलं. माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे म्हणालो. त्या म्हणाल्या, तुमच्या मित्राचा हक्क बाद, बाकी मृत्युपत्र शाबूत. निधी शाबूत, मुलगी शाबूत. फक्त मित्र रस्त्यावर.

"पण डॉक्टर, तुमच्या व्याख्यानाला तो मित्र आला नव्हता का?"

मी म्हणालो, आला होता, पण लक्ष नव्हतं.

उद्या बायको आधी गेली तर मी मुलीच्या मर्जीवर. मुलगी चांगली आहे. जावईही चांगला आहे, पण मागच्या खेपेला माझ्या खोलीत उभा राहून टेपने भिंत मोजत होता. ट्रेडमिल बसेल का बघतोय म्हणाला.

२४ फेब्रुवारी

बायकोला स्पष्ट विचारलं, माझी सही घेतलीच का. बाईंनी तिला बजावलं नव्हतं का? बजावलं होतं म्हणाली. एक सही शेजारणीची झाली, दुसरीला कुणी मिळेना. पेशंटची घेणार होती, पण भूल दिलेल्या माणसाची चालते का ते माहीत नव्हतं.

"बाई म्हणाल्या होत्या, ज्याचा घराशी काही संबंध नाही अशाची घ्या. मला तुम्हीच आठवलात."

मी उठून फाइल कपाटात परत ठेवली.

म्हटलं, आता नवीन कर. ती म्हणाली, बघू. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावलं तर सांगायचं कुणाला?

संकल्प: 'बघू'चं 'हो' होईपर्यंत आदर्श वागणूक. पाटीचा विषय बंद.

२ मार्च

रोज रात्रीची भांडी मी घासतो. तंत्र साधंच, वरून खाली, कोपऱ्यांकडे विशेष लक्ष. दातांचं स्केलिंग वेगळं काय असतं? बायको कढई उजेडाकडे धरून बघते आणि जागेवर ठेवते. पसंतीची खूण. साखर कुठे असते तेही आता पाठ आहे.

नव्या मृत्युपत्राचा विषय मी काढत नाही. फक्त जेवताना एकदा म्हणालो, माणसाचा काही भरवसा नसतो. ती म्हणाली, आमटी संपवा.

१० मार्च

माझ्या साक्षीदार-सहीची बातमी फुटली. मीच ऑर्थोवाल्याला सांगितली, कुणालाही सांगणार नाही या अटीवर. आज बैठकीत पुढच्या व्याख्यानासाठी जिवंत उदाहरण म्हणून माझं नाव सुचवलं गेलं. एकमताने. या वेळी मी हात धुवायला गेलो नव्हतो.

येताना फलकापाशी थांबलो. लिफ्टमधून उतरलेल्या एका नव्या पोरीने, कुणाची तरी असिस्टंट असावी, विचारलं, सर, हे हितचिंतक कोण हो, माझी फी यांच्याच निधीतून येते. जिभेवर आलं होतं. पण नाव जाहीर करू नये ही अट. म्हटलं, असतील कुणी मोठे. रुमालाने तेवढी ओळ पुसून घेतली. लागोपाठ ऑर्थोवाल्याचीही पुसली. नाइलाज.

१८ मार्च

माझं मृत्युपत्र अखेर झालं. एक पान. 'माझी पेशंटची खुर्ची मी माझ्या पत्नीस देत आहे, कारण त्या खुर्चीशेजारी ती जन्मभर उभी राहिली आणि मी तिला कधी बस म्हणालो नाही.' 'विचारवंत' कुठेही नाही. साक्षीदार ऑर्थोवाला आणि सेक्रेटरी, दोघांनाही काही मिळणार नाही याची खात्री करून घेतली. ऑर्थोवाल्याने पूर्ण वाचलं आणि मगच सही केली.

रात्री भांडी आटोपून बायकोला वाचून दाखवलं. आधी कधी बोललो नव्हतो ते सगळं बोललो. चुकलं म्हणालो. तिने कागद हातात घेऊन स्वतः वाचला, मागची बाजू कोरी आहे ना तेही पाहिलं. डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, वाक्य ठेवा, खुर्ची नको. गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा उरलेली नाही, भंगारवाल्याला द्या.

म्हणजे माझी उरलीसुरली इस्टेटही गेली. एवढं झाल्यावर न राहवून विचारलंच, तुझ्या नव्या मृत्युपत्राचं काय झालं.

ते झालंय म्हणाली. मी विचारलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. बाईंकडे जाऊन, बाहेरच्या दोघांच्या सह्या घेऊन. उन्हाची खोली आहे तशीच आहे.

मग मला इतके दिवस सांगितलं का नाहीस?

"भांडी चांगली निघत होती."

१९ मार्च

भंगारवाला येऊन गेला. खुर्ची नको म्हणाला, फार जड आहे.

रात्रीची भांडी मीच घासली. कढई पुसायची राहिली होती, ती तिने पुसली.