पोलादपूरच्या स्टँडवर राहिलेलं महाबळेश्वर

आये, तुला आणि तुझ्याबरोबर महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांत नांदायला आलेल्या सगळ्या बायांना सांगतो, तुमची तक्रार खरी होती. नवऱ्याबरोबर तुम्ही कुठे गेलाच नाहीत. मयताला गेलात, बारशाला गेलात, सरकारी दवाखान्यात गेलात, सभेला ट्रकमध्ये उभ्यानं गेलात. पण दोघांनीच, काही काम नसताना, नुसते डोंगर बघायला जाणं तुमच्यापैकी एकीच्याही वाट्याला आलं नाही. रस्त्यानं निघालात तरी नवरा पुढे आणि तुम्ही बोचकं घेऊन मागे, मधल्या अंतरात एखादी बैलगाडी सहज गेली असती. या अंतरावर मी गावोगाव व्याख्यानं दिली आहेत आणि टाळ्या घेतल्या आहेत. आज मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला लिहितो आहे, कारण उद्या सकाळी महाबळेश्वरची गाडी आहे, माझी बॅग भरून झाली आहे, आणि तुझी सून गाडीत बसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर येणार नाही. ती आत्ता शेजारी किल्ली आणि तुळशीला पाणी घालायची सूचना द्यायला गेली आहे. मी दोनदा तळ्याला चक्कर मारून आलो. पाय थांबत नाहीत.

तुला पोलादपूरची गोष्ट आठवत असेलच, तूच ती सांगायचीस. मला ती चुलीसमोर ऐकलेली आठवते. तू तव्यावर सुकट भाजते आहेस, धुरानं माझे डोळे चुरचुरताहेत, आणि तू सांगते आहेस की लग्नानंतर दादांनी तुला महाबळेश्वर दाखवायचं कबूल केलं होतं. नवं लुगडं, फडक्यात भाकऱ्या, दोघंच. आपल्या बौद्धवाडीतून दोघंच निघालेलं ते पहिलं जोडपं असावं, म्हणून बाया दारात उभ्या राहून हसत होत्या. पोलादपूरला गाडी बदलायची होती. तिथे दादांना कोणी ओळखीचा भेटला. म्हणाला, बरं झालं भेटलास, आज सभा हाय आन् गाणारा आला नाय. दादांचा आवाज तालुक्यात प्रसिद्ध. ते तुला म्हणाले, "बस गो हितंच, आलोच." तू बाकावर बसलीस. महाबळेश्वरची गाडी लागली, कंडक्टर ओरडला, तुझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, वर यायचाय का?" तू म्हणालीस, मालक येतायत. गाडी गेली. दुपारी दुसरी लागली, तीही गेली. भाकऱ्या तू बाकावरच खाल्ल्यास. लांबून दादांचं गाणं ऐकू येत होतं, आणि ते फार चांगलं गात होते, हे तू दरवेळी न विसरता सांगायचीस. संध्याकाळी ते हार घालून आले आणि तुम्ही परत घरी आलात. "माजा म्हाबळेश्वर पोलादपूरच्या स्टँडावर हाय रे," असं म्हणून तू हसायचीस आणि सुकट परतायचीस. मीही हसायचो. घरातली ती एक गंमत होती. ती गंमत नव्हती हे मला गेल्या पंधरवड्यात कळलं.

तुझी सून शाळेतून निवृत्त झाली. निरोप समारंभात बाकीच्या शिक्षिकांनी तिला चाकांची एक बॅग दिली, निळी. ती बॅग बरेच दिवस कपाटाशेजारी रिकामी उभी होती. एकदा चहा गाळता गाळता ती म्हणाली, "अहो, ह्या बॅगेत काय भरायचं?" मला वाटलं ती जुन्या साड्यांबद्दल विचारते आहे. ती म्हणाली, "आपण कुठेतरी जाऊ. दोघंच."

पुण्याहून मुलीनं लगेच मोबाईलवर जोडप्यांसाठीच्या सहलींच्या जाहिराती पाठवल्या. खोलीत पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलचे हंस, मेणबत्त्या लावून जेवण. तुझी सून चष्मा वर करून बराच वेळ ते हंस बघत राहिली आणि म्हणाली, "आंघोळ करायची तर आधी हंस मोडायला लागणार." आम्ही पोट धरून हसलो. मग मी बोलायला लागलो, आणि मी बोलायला लागलो की काय होतं ते तुला माहीत आहे. म्हणालो, आधी बाजार माणसाला शिकवतो की तुमच्यात प्रेम नाही, आणि मग तेच प्रेम पाकळ्यांसकट तुम्हाला विकतो. ती म्हणाली, "बसा खाली. इथे माईक नाही." आणि तिनं स्वतःच सगळं आखलं. एसटीनं जायचं, बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे. "म्हणजे मी तुम्हाला परवडते," असं वर ऐकवलं. शनिवार-रविवार टाळून वर जायचं, म्हणजे खोल्या स्वस्त. महाबळेश्वरला एकच रात्र, पण खोली दरीच्या बाजूची; तिथे कंजूसपणा करायचा नाही, बाकी सगळीकडे साधं चालेल. मग वाई, घाटाच्या पायऱ्यांवर कृष्णेत पाय सोडून बसायचं. सातारा. कोल्हापूरला रंकाळ्यावर संध्याकाळ. येताना आंबा घाटानं कोकणात उतरायचं आणि धुक्यात टपरीवरचा चहा घ्यायचा. आये, या प्रत्येक गावाला मी गेलो आहे. मला तिथली सभागृहं माहीत आहेत, पंखे कुठे चालतात ते माहीत आहे. कृष्णेचं पाणी गार असतं की कोमट, ते मला माहीत नाही.

मी म्हणालो, महाबळेश्वरची खोली तू बघ, बाकी राहायचं माझ्यावर सोड. ती म्हणाली, "बघा हं." आणि मी, आये, आपले लोक करतात तेच केलं. परगावी निघालो की मी आधी तिथल्या कार्यकर्त्याला फोन लावतो. ही सवय नाही, ही आपल्या हाडात गेलेली रीत आहे. दादा सांगायचे, लॉजवाला नाव विचारायचा, मग आडनाव, मग गाव, मग म्हणायचा खोली नाही. म्हणून आपला माणूस आपल्या माणसाच्या घरी उतरायचा. चटईवर, पण मानानं. त्या चटयांवर आपली चळवळ उभी राहिली आणि मी ते कुठल्याही व्यासपीठावरून छाती ठोकून सांगेन. मी वाईला फोन केला, साताऱ्याला केला, कोल्हापूरला केला. सगळे म्हणाले, दादा, घर तुमचंच आहे. मी खुशीत होतो. मुक्कामाचा खर्च वाचला, प्रेमाची सहल स्वस्तात बसवली, असं मनाशी म्हणालो.

दोन दिवसांनी तुझी सून मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या शिक्षिकांच्या गटावर कोणीतरी एक पत्रक टाकलं होतं. साताऱ्यात माझं जाहीर व्याख्यान, विषय स्त्रियांचं स्वातंत्र्य, माझा जुना काळ्या केसांचा फोटो, आणि खाली बारीक अक्षरात, सपत्नीक उपस्थिती. तिनं वाचून दाखवलं. "हे बघा," ती म्हणाली, "सपत्नीक. ही मी." कोल्हापूरचंही तसंच निघालं, तिथे तर वहिनींचा सत्कार ठेवला होता. मी म्हणालो, "अगं, त्यांनी परस्पर ठरवलं, मी काही बोललो नव्हतो." ती म्हणाली, "नाही असंही म्हणाला नव्हतात." ते खरं होतं. साताऱ्याचा कार्यकर्ता फोनवर म्हणाला होता की येताच आहात तर चार शब्द बोला, आणि मी हसलो होतो. ते हसणं म्हणजे होकार, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. तिला ते इथे महाडमध्ये बसून कळलं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कोणालाही हार जात नाही. तिनं बॅगेतल्या साड्या काढून घड्या परत कपाटात ठेवल्या आणि बॅग कपाटावर चढवली. मी तिच्या मागे मागे बोलत होतो. साताऱ्याच्या त्या वस्तीत मुलींची शाळा अर्ध्यावर सुटते आहे, म्हणालो, तिथे बोलायची गरज आहे, एक तासाचा प्रश्न आहे, तू पुढच्या रांगेत बस. ती स्टुलावरून उतरली, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "तुमचं भाषण मला पाठ आहे. टाळी कुठे येते तेही पाठ आहे. तळीयेला दरड कोसळली, तुम्ही मदत घेऊन गेलात, तेव्हा मी इथे तुमच्याबरोबरच्या पोरांसाठी भाकऱ्या थापल्या, आणि थापीन परत, ते काम होतं. पण सहलीला म्हणून नेऊन मला पोलादपूरच्या स्टँडवर बसवू नका. आत्याबाई बसल्या तेवढं पुरे."

आये, मला वाटत होतं ती गोष्ट माझी आहे. तू तिलाही सांगितली होतीस.

तिसऱ्या दिवशी मी फोन लावायला बसलो. साताऱ्याचा कार्यकर्ता चिडला, "दादा, हॉल ठरलाय, पत्रकं वाटलीत, लोकांना काय सांगू?" मी म्हणालो, खरं सांग, बायकोला घेऊन फिरायला चाललोय, पुढच्या महिन्यात मुद्दाम येईन, त्या मुलींसाठी पूर्ण दिवस देईन. पलीकडे मागून कोणाचं तरी हसू ऐकू आलं आणि एक आवाज, "या वयात हनिमून का, दादा?" माझे कान तापले. मी रागावणार होतो. मग म्हणालो, "होय रे, त्या वयात मोर्चे होते." कोल्हापूरच्या कार्यकर्त्याची बायको मात्र फोन घेऊन म्हणाली, "बरं केलंत. आमच्या ह्यांनाही सांगा एकदा."

त्यानंतर वाईच्या लॉजला फोन. आये, आयुष्यात पहिल्यांदा. पलीकडचा पोरगा म्हणाला, नाव सांगा. मी नाव सांगितलं. म्हणाला, आडनाव? समोर खुर्चीत तुझी सून बसून शेंगा सोलत होती, तिनं सोलणं थांबवलं. मी आडनाव सांगितलं, मोठ्यानं, जरा जास्तच मोठ्यानं, आणि थांबलो. त्यानं विचारलं, "काका, गरम पाणी सकाळीच मिळेल, चालेल का?" मी म्हणालो, चालेल. फोन ठेवला. सगळीकडे असं होईल असं मी म्हणत नाही, घरासाठी फिरणाऱ्या आपल्या पोरांना आजही काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे, त्यावर मी बोलत राहणार आहे. पण त्या दुपारी आडनाव ऐकूनही खोली मिळाली, दादांची चटई माझ्या पाठीखालून निघाली आणि मला ते सोसवेना. तुझ्या सुनेनं सोललेल्या शेंगदाण्यांची मूठ माझ्या हातावर ठेवली, स्टूल ओढलं आणि बॅग खाली काढली.

आता बॅग दाराशी आहे. तिची एकच अट आहे, खिडकी तिची. मला अजून धाकधूक आहे, कारण गाडी पोलादपूरला थांबेल, तिथे मला ओळखणारे पन्नास जण असतील, कोणीतरी हाक मारेल आणि माझी मान वळेल. मी तिला म्हणालो, तिथे मला हाताला धरून ठेव. ती म्हणाली, "चारचौघांत?" मी म्हणालो, चारचौघांत.

हा कागद कुठे टाकणार? तुझ्या गावाला पोस्ट नाही. ती परत आली की कदाचित यात शेंगदाण्याचे लाडू बांधेल, आणि तेही चांगलंच. तुला एकच कबूल करतो, बाकी कोणाला सांगणार नाही: आंबेनळी घाट चढताना, समोर ऐकायला कोणी नसताना, तिच्याशी काय बोलायचं ते मला येत नाही. सकाळपासून मनात वाक्यं जुळवतो आहे आणि प्रत्येक वाक्याचं भाषण होतं आहे. तू असशील तर निभेल. दादा गातायत ते गाऊ दे. उद्या गाडी पोलादपूरला लागली की त्या बाकावरून ऊठ आये, कंडक्टरनं विचारायची वाट बघू नकोस, आणि वर चढून तिच्या शेजारी बस.