डावी कड

४ सप्टेंबर

आले एकदाची! खोली लहान आहे, खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते, पण टीव्हीवर उजेड पडत नाही म्हणून मी खूश. सामानात कपड्यांची एक बॅग, बाकी सगळी खोकी डिस्कची. ती जिन्यावरून चढवणाऱ्या माणसानं दम घेत विचारलं, बाई, दुकान टाकताय का? म्हटलं, दुकान कसलं, व्यसन आहे.

नोकरी कुठे, तर ज्या कंपनीला दादानं आणि मी जन्मभर शिव्या घातल्या, तिथेच. देशोदेशीचे जुने सिनेमे ही कंपनी डीव्हीडी आणि ब्ल्यू-रेवर आपल्या विभागासाठी, म्हणजे आपल्या बाजूच्या देशांसाठी, काढते. बाजारात जाण्याआधी डिस्क तपासायची, हे माझं काम. दादाला फोन केला तर तो ओरडलाच, "ठमे, अखेर आपला माणूस आत शिरला!" मागून वहिनी म्हणाली, आता तरी ह्यांचे तक्रारीचे ईमेल थांबतील आणि मला घरात नवरा दिसेल.

५ सप्टेंबर

ऑफिस स्वच्छ, थंड, जरा ओशाळवाणं. मॅडम म्हणजे इथल्या शाखेच्या प्रमुख. चांगल्या वाटल्या. त्यांनी मला सगळं दाखवलं आणि मग तक्रारींचा ढीग दाखवला. त्यात दादाचे ईमेल कितीतरी. मी ओळख दिली नाही.

ढिगातली एकही तक्रार खोटी नाही. परदेशातल्या आवृत्तीला जाड पुठ्ठ्याची पेटी, आत पुस्तिका, दिग्दर्शकाची मुलाखत. आपल्याला पातळ प्लास्टिक. सबटायटल्स अशी, की नायिका रडत असते आणि खाली लिहिलेलं असतं "मी पाणी आहे". डबीच्या अरुंद बाजूवरची अक्षरं खालून वर जातात, म्हणजे कपाटात बाकी सगळ्या डिस्क एका बाजूला मान कलवून उभ्या आणि ही एकटी दुसरीकडे. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे चित्राची डावी बाजू कापलेली. प्रत्येक सिनेमात. दोन माणसं बोलत असतील तर डावीकडच्याचं नुसतं नाक दिसतं. परदेशी डिस्क मागवली तर आपल्या प्लेयरवर ती चालत नाही, दर विभागाचं कुलूप वेगळं. भरल्या ताटासमोर बसवायचं आणि हात बांधायचे, असला प्रकार.

हे कापाकापीचं काम करणाऱ्या गृहस्थांना सगळे पाठीमागे 'कात्री' म्हणतात आणि तोंडावर काका. इतकी वर्षं ज्याला मनातल्या मनात फासावर चढवलं, तो माणूस आज समोर उभा होता. वाळका, जाड चष्म्याचा. कॉरिडॉरमधून चालताना डावा खांदा भिंतीला घासत जातो. शर्टाची ती बाही विरून गेलीय. मी नमस्कार केला. ते मान न वळवता बरं म्हणाले आणि गेले.

११ सप्टेंबर

आज विचारलंच. म्हटलं, काका, तुम्ही डावी बाजू का कापता? ते म्हणाले, टीव्हीत मावत नाही. म्हटलं, आता सगळे टीव्ही रुंदच आहेत. मग म्हणाले, बाई, तुमचं काम डिस्क तपासायचं आहे, मला तपासायचं नाही.

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो इतका चिडला की वहिनीनं फोन काढून घेतला. आम्हा दोघांना लहानपणी बाबांनी जो सिनेमा दाखवला, तोही ह्याच कंपनीच्या कॅसेटवर. नाव आम्ही कधी घेत नाही, नुसतं 'आपला' म्हणतो. उतारावरच्या घरात एक विधवा धाकट्या भावाची वाट बघत राहते. त्यातली भाऊ परत येण्याची जागा म्हणजे दारातली बाई आणि डावीकडे निम्मा माणूस. बाबा गेले तरी दादाला त्यांच्यापेक्षा त्या उरलेल्या निम्म्याचीच जास्त हळहळ, असं वहिनी म्हणते. त्यात थोडं खरंही आहे.

२० सप्टेंबर

'आपला' सिनेमा पुन्हा निघणार आहे! आणि कात्री रजेवर आहेत, गुडघ्याचं काहीतरी.

मी मॅडमना गाठलं. म्हटलं, एकदा तरी न कापता काढू, संग्राहक आपल्याला डोक्यावर घेतील. त्यांनी पेन्सिल चावत विचार केला आणि म्हणाल्या, काढा, पण बिघडलं तर तुमच्या गळ्यात.

२४ सप्टेंबर

पाहिला. अख्खा. तपासणीच्या खोलीत, दार लावून, दुपारी. आपल्या विभागासाठी आलेली मूळ प्रत. तिला आजवर फक्त कात्रींचाच हात लागलेला.

किती म्हणून लिहू! भाऊ दारात पूर्ण उभा आहे. त्याच्या हातात टोपी आहे, आम्हाला ती कधी माहीतच नव्हती. आणि त्याच्याही पलीकडे, चित्राच्या अगदी डाव्या कडेला, माणसं उभी आहेत. पाठमोरी. स्वयंपाकघरात, जिन्यात, उतारावर, जिथे बघावं तिथे, एका रांगेत, न हलता. कुणी त्यांच्याकडे बघत नाही. दिग्दर्शकानं विधवेच्या घरातली वारलेली माणसं उभी केली आहेत, असं मी समजते. केवढा विचार! आणि आम्हाला तो दिसूच दिला नाही. हातात काही असतं तर त्या माणसाचा गुडघाच फोडला असता.

पहिली प्रत कुरिअरनं दादाला पाठवली. वर लिहिलं, घे तुझा उरलेला निम्मा.

२८ सप्टेंबर

दादा फोनवर रडला. चाळीशीचा माणूस. म्हणाला, ठमे, बाबा असायला हवे होते. पाठमोऱ्या माणसांबद्दल आम्ही कितीतरी वेळ बोललो. त्याच्या मते ती दर वेळी मोजल्यावर सारखी भरत नाहीत, कधी एखादं जास्त असतं. मी म्हटलं, तू पुन्हा बघ. तो म्हणाला, पुन्हा काय, चौथ्यांदा बघतोय.

आज डिस्कची पहिली खेप दुकानांकडे गेली.

१ ऑक्टोबर

कात्री परत आले. टेबलावरचं कव्हर पाहिलं, त्यावर मी हौसेनं 'संपूर्ण आवृत्ती' छापून घेतलं होतं. ते खुर्चीत बसले. मला वाटलं, आता भांडण. मी तयारीत होते.

त्यांनी एवढंच विचारलं, "किती जणांनी पाहिलं?"

मग मला तपासणीच्या खोलीत नेलं. कपाटातून परदेशी आवृत्ती काढली, आमच्या मशिनवर ती चालते. शेजारी शेजारी दोन पडदे लावले, दारातलाच प्रसंग. स्वतः तोंड फिरवून उभे राहिले आणि म्हणाले, बघा.

परदेशी डिस्कवर डावीकडे भाऊ आहे, टोपी आहे, त्याच्या पलीकडे भिंत. नुसती भिंत. कुणी नाही.

आपल्या प्रतीत रांग.

ते न बघता पडद्याशी आले, चाचपडत बोट टेकवलं. वेणी आणि स्वेटर, बरोबर? मी हो म्हटलं. "ती माझी बायको. इथेच रंग दुरुस्त करायची. सिनेमा आमच्या जन्माआधीचा आहे, बाई."

३ ऑक्टोबर

दोन दिवस स्वतःची समजूत घालतेय. म्हातारा भ्रमिष्ट झालाय. दुःखानं होतं असं.

पण भिंत मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

आज त्यांनी बाकीचं सांगितलं, चहाच्या कपाकडे बघत. बायकोनं मूळ प्रत पाहिली. थोड्या दिवसांनी तिला डावीकडे, नजरेच्या अगदी कडेला, कुणीतरी उभं दिसायला लागलं. तिकडे बघितलं की नसायचं. एके दिवशी भांडी घासता घासता तिनं हात पुसले, "हो, आले" म्हणाली आणि डावीकडे वळून गेली. डावीकडे दार नव्हतं. त्यानंतर ती त्यांना पडद्यावर सापडली. तेव्हापासून त्यांनी ह्याच काय, सगळ्याच सिनेमांची कड उडवायला सुरुवात केली. एकात आहे ते दुसऱ्यात येणार नाही कशावरून?

आमच्याच प्रतीत का, असं विचारलं. ते हसले, फार कडू. चांगलं ते तिकडे राहतं, आपल्याकडे येतं ते असं. तुम्ही संग्राहकच नाही का लिहीत नेहमी?

मी म्हटलं, मग लोकांना सांगायचं होतं. ते म्हणाले, तुमच्यासारख्यांना बघू नका म्हटलं की तुम्ही आधी तेच बघता. त्यापेक्षा शिव्या खाल्लेल्या बऱ्या.

४ ऑक्टोबर

दादाला फोन केला. डिस्क मोडून टाक म्हटलं. तो चेष्टेनं म्हणाला, कंपनीनं तुला विकत घेतलं वाटतं. आवाज मात्र नेहमीचा नव्हता. मग हळूच म्हणाला, ठमे, सोफा मी भिंतीला लावलाय, डावीकडून. वहिनीला बोलू नकोस.

मी ओरडले, रडले, बाबांची शपथ घातली. तो म्हणाला, अगं, इतकं काही वाईट नाही वाटत.

मॅडमना सांगितलं, डिस्क परत मागवा. त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, पहिल्यांदाच कुणी आपलं कौतुक करतंय, आणि तुम्हाला परत मागवायचंय? दुसरी खेप उद्या निघतेय. त्यांनी स्वतः पाहिलाय का, असं विचारलं. नाही म्हणाल्या. मला जुने सिनेमे झेपत नाहीत.

६ ऑक्टोबर

वहिनीचा फोन. एरवी थट्टेनं वन्सं म्हणते. आज नुसती रडत होती. दादा जेवायला बसला होता. एकदम पान बाजूला सारलं, "हो बाबा, आलो" म्हणाला आणि उठला. ती आमटीचं भांडं घेऊन वळेपर्यंत खोलीत नव्हता. दाराला आतून कडी. चपला दारातच.

तिनं विचारलं, तुम्ही त्यांना असं काय पाठवलंत हो?

मी फोन ठेवून दिला.

७ ऑक्टोबर

जायला हवं होतं वहिनीकडे. गेले नाही. तपासणीच्या खोलीत गेले.

रांगेच्या शेवटी चौकटीचा शर्ट. केस मागून विरळ. डावा पाय जरा वाकडा, सायकलवरून पडला होता तेव्हापासूनचा. दारात, जिन्यात, उतारावर. पाठमोरा.

बाबा नाहीत तिथे. मी प्रत्येक चेहरा — चेहरे नाहीतच — प्रत्येक पाठ बघितली. बाबा कुठेच नाहीत. मग दादाला हाक मारली कुणी?

९ ऑक्टोबर

तक्रारी यायला लागल्या. मॅडमनी माझ्याकडे पाठवल्या, वर चिकटवलेला हसरा चेहरा. 'डाव्या कडेला माणसं दिसतात, छपाईचा दोष आहे, डिस्क बदलून द्या.' 'दोष आता डिस्क बंद केल्यावरही दिसतो.' 'आधीची आवृत्तीच बरी होती.'

हसू आलं. मग थांबेना. कात्री आले, माझ्या डाव्या बाजूला उभे राहिले, भिंतीसारखे, मी शांत होईपर्यंत.

१० ऑक्टोबर

दिसतं. सकाळपासून. चष्म्याच्या काडीच्या पलीकडे काहीतरी उभं. वळले नाही.

काकांना विचारलं, इतकी वर्षं कसं काढलंत? म्हणाले, ती रोज हाक मारते. मी वळत नाही. विचारलं, आवाज त्यांचाच असतो? मग म्हणाले, आवाज तिचाच असतो, बाई. बोलावणारी ती नसते.

११ ऑक्टोबर

कपाट ढकलून डावीकडे लावलं. ते कपाटाच्या पुढे उभं आहे.

चौकटीचा शर्ट.

वहिनीचे फोन. उचलत नाही — काय सांगू?

१२ ऑक्टोबर

काका येऊन गेले. दार उघडलं नाही. बाहेरून म्हणाले, मूळ प्रत मी जाळली. माझी बायको पण गेली त्यात. मग बराच वेळ जिन्यात त्यांच्या रडण्याचा — आता उपयोग काय, डिस्क घराघरात आहेत —

हाक आली.

आवाज त्याचाच. बोलावणारा तो नाही. तो नाही. तो नाही.

१३ ऑक्टोबर

डाव्या डोळ्यावर फडकं बांधलं. तरी —

अक्षरं उजवीकडे सरकतायत. पानाच्या डाव्या बाजूला हात जात नाही.

तो आता पाठमोरा नाही. न बघता कळतं. अंगावर ऊन पडल्यासारखं कळतं.

म्हणतो, ठमे, किती भांडलो गं आपण ह्याच्यासाठी. इथून सगळं दिसतं. काही म्हणजे काही कापलेलं नाही.

तो नाही, मला माहीत आहे. पण हसला. दादासारखाच, आधी नाकातून, मग —

एकदाच बघते. फक्त कड. मान न वळवता, नुसता डोळा थोडासा