दिवा लागतो, गाडी हलत नाही

१७ मे, रविवार

धोंड्याचा महिना आज लागला आणि सकाळी चहाच्या आधी काष्टीहून सासूबाईंचा फोन! या मालनबाईंना धीर म्हणून नाही. म्हणाल्या, "जावईबापू, औंदा धोंड्याच्या जेवणाला गाडीतूनच या. पोरगी आजवर यष्टीनं आली, पिशव्या घिऊन ष्ट्यांडावरनं चालत आली. येकदा दारात गाडीतून उतरताना बघायची हाय मला. पुढला धोंडा तीन सालांनी. तवर मी काय थांबते व्हय?"

मी म्हणालो, येतो की! अगदी थाटात. फोन ठेवला आणि चहा घ्यायचाच राहिला.

कारण गाडी आहे, लायसन्स आहे, पण पाडव्याला घेतलेली ती गाडी अजून शेडमधून हललेली नाही. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर मागे घ्यायला लावले. अजून घे, अजून, अजून, बास! चुकला की ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार. आणि घरची एवढीशी गाडी मला मागे घेता येत नाही. त्या ड्रायव्हरांना कळलं तर श्रीगोंद्यातून माझी वरात काढतील, आणि काढावीच.

पण दोष अंधाराचा आहे. शेड अरुंद, वर पत्रा, बाजूला कांद्याच्या गोण्या, दिव्याचं बटण त्या गोण्यांच्या मागे. आरशात काही दिसत नाही. उजेडाची नीट सोय झाली की गाडी काढायची.

१८ मे

सेन्सरचा दिवा घ्यायचा. माणूस आत आला की आपोआप लागतो, गेला की विझतो. रात्री दीडपर्यंत मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. जयमालाला सकाळी सगळं समजावलं. ती भाकरी थापत होती. बटण दाबायला हात दुखतात का, एवढंच विचारलं. बायकोला विज्ञानाची गोडी नाही.

मात्र आजपासून ती शेजारच्या निकिताबरोबर पहाटे फिरायला जायला लागली. निकिता म्हणजे छगनची सून, नगरला बँकेत आहे. जयमालानं त्यासाठी पांढरे बूटही आणलेत. चांगलं आहे. मी काही उठत नाही. काट्यावर इतक्या रातपाळ्या केल्या की आता कुलर लावून सातपर्यंत झोपायचा मला हक्क आहे.

२० मे

कानिफनाथ वायरमन येऊन दिवा बसवून गेला. दुपारी बारा वाजता उद्घाटन. मी ऐटीत आत शिरलो. दिवा ढिम्म. बाहेर आलो, परत शिरलो. हात हलवले. शेवटी कांद्याच्या गोण्यांपुढे दोन उड्या मारल्या. कानिफनाथ म्हणाला, पीसच खराब हाय, बदलून आनतो.

संध्याकाळी खोक्यातला कागद वाचला. अंधार पडल्याशिवाय लागायचं नाही, अशी त्यात सोय केलेली असते. म्हणजे दिव्याला अक्कल होती. उड्या मारणाऱ्यांना नव्हती.

२२ मे

अंधार पडला. तरी लागेना! पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं झालेलं. पुन्हा व्हिडिओ. हा सेन्सर म्हणे अंगाची ऊब ओळखतो. आता आमच्याकडे दिवसभर तापलेला पत्रा आणि मी, दोघांची ऊब एकच! त्याच्या लेखी शेडमध्ये कोणी आलेलंच नाही. तीस वर्षं संसार करून जे जयमाला कधीमधी बोलून दाखवते, ते या दिव्यानं दोन दिवसांत ओळखलं.

२३ मे

पहाटे मांजरासाठी लागला म्हणे. जयमालानं फिरायला जाताना पाहिला.

२७ मे

काल दुसरा दिवा आणला, रडारवाला. त्याला उन्हाची बाधा नाही. कानिफनाथनं बसवला आणि मी आत पाय टाकायच्या आधीच लख्ख उजेड! इतका आनंद झाला की त्याला चहाबरोबर शेवही दिली.

रात्री मात्र दिवा विझून राहीना. विझला की लागे, लागला की विझे. शेडच्या मागे पत्र्याला लागून छगनचा गोठा आहे. या दिव्याला पत्र्याच्या फटींतून पलीकडचंही दिसतं. म्हशीनं शेपूट हलवलं की माझ्या गाडीवर प्रकाश! सकाळी छगन दुधाची किटली घेऊन दारात. हा छगन एके काळी उसाचा ट्रॅक्टर चालवायचा आणि माझ्या शिव्या खायचा. फार गरिबीनं बोलला, "सायब, फटीतनं उजेड येतोय. म्हस रातभर उभीच हाय. आज पान्हा बी चोरला तिनं." पूर्वी मी त्याला मागे घ्यायला लावायचो. आज दिवा मला मागे घ्यावा लागला.

२९ मे

तिसरा. परत उबेचाच, पण भारीतला. दाराशी, भिंतीवर, जरा खाली बसवला. आत शिरलो की लागतो. म्हैस शांत. आता कारण उरलं नाही, म्हणून दार लावून गाडीत बसलो. किल्ली लावली. स्टेअरिंगवर हात ठेवले. आणि तसाच बसलो.

दिवा विझला!

काचेच्या आतली ऊब त्याला कळत नाही म्हणे. शिवाय मी हलतही नव्हतो. खिडकीची काच खाली केली, हात बाहेर काढून हलवला. लागला. परत बसलो. परत विझला. परत हात. असं किती वेळ चाललं कोण जाणे. तेवढ्यात दारात जयमाला. विचारलं, कुनाला टाटा करताय? म्हणालो, दिव्याची तपासणी चालू आहे. ती आत निघून गेली.

१ जून

कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. अंधाराचा काही संबंध नाही.

पाडव्याला भर दुपारी, लख्ख उन्हात मी गाडी मागे घेत होतो. जयमाला मागे उभी राहून हातानं इशारा करत होती, मी काट्यावर करायचो तसा. अजून, अजून. मी ब्रेक समजून दुसरंच दाबलं. गाडी उसळली, फाटकाच्या खांबाला घासली, आरसा फुटला. लोक आरशाबद्दल हळहळले. पण ती आणि गाडी यात हातभर अंतर राहिलं होतं. हातभर! तिचं पातळ बंपरला लागून फडफडत होतं. तिनं खाली वाकून आरशाच्या काचा वेचल्या. निकितानं येऊन गाडी आत लावून दिली. मी दोन दिवस पलंगावरून उठलो नाही, उन्हाचं निमित्त सांगितलं.

तेव्हापासून किल्ली हातात घेतली की मला ते पातळ दिसतं. कुठल्या दिव्यानं हे जाईल? मला भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

४ जून

गाडी आपोआप मागे जाऊ नये म्हणून चाकाला विटा लावून ठेवतो. आज एक वीट बाजूला गेलेली. उंदीर माजलेत.

सीटही पुढे सरकलेली वाटली. बसलो तर गुडघे थेट स्टेअरिंगला. बहुतेक पोट सुटलंय माझं. पण पोट सुटल्यावर गुडघे का लांब व्हावेत, हा विचार करायला हवा.

७ जून, रविवार

सासूबाईंनी दिवस ठरवला: पुढचा रविवार, चौदा तारीख. सोमवारी अमावास्या, महिना संपला, म्हणजे आता पळवाट नाही. अनारशांचं पीठ घातलंय. जावयाला नारायण मानून वाण देतात या महिन्यात. नारायण गरुडावरून येतो, मी दहाच्या एसटीनं. मालनबाईंचा आवाज आज बारीक वाटला. म्हणाल्या, दिसतंय कमी, पन पांढरी गाडी दिसंल मला.

दुपारी दोनदा शेडपर्यंत जाऊन परत आलो.

संध्याकाळी किल्ली लावून बघितली तर पेट्रोलचा काटा खाली. न चालवता! टाकी गळते की काय? खाली वाकून पाहिलं, जमीन कोरडी. उन्हानं उडत असेल.

१० जून

छगन भेटला. मी पडत्या आवाजात विचारलं, दिव्याचा त्रास नाही ना आता? म्हणाला, "न्हाई सायब. लागतोय तुमचा दिवा. रोज पहाटं, लई टायमावर." आणि उगाच हसला. मांजराची इतकी शिस्त! सेन्सरचा स्क्रू फिरवून त्याची नजर थोडी कमी केली.

१३ जून, शनिवार

ठरवलंय. उद्या सकाळी पोटात दुखतंय म्हणायचं. मग दुपारच्या एसटीनं जाऊ, उशिरा का होईना. सासूबाईंना सांगू, गाडीचा दिवा बिघडला. हेडलाईट. दुपारी हेडलाईट कशाला लागतो, हे त्यांच्या लक्षात येणार नाही. येईल. त्यांच्या सगळं लक्षात येतं.

जयमाला माझा पांढरा सदरा इस्त्री करत होती. मला लाज वाटली. तिला म्हणालो, समज गाडी नाहीच नेता आली तर? इस्त्री न थांबवता म्हणाली, झोपा आता, सकाळी लवकर आवरायचंय. तिनं एकदा तरी मला टाकून बोलावं. बरं वाटेल.

१४ जून, रविवार, सकाळ

शेडमध्ये गेलो. दिवा लागला, पहिल्या झटक्यात. आत गाडी नाही!

विटा भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या. खुंटीवर किल्ली नाही. चोरी! पोलिसांत जायचं, पण आधी जयमालाला सांगायला हवं, आणि जयमालाही घरात नाही. फोन उचलत नाही. तिचे पांढरे बूटही

१४ जून, रात्र, काष्टी

तेव्हाच फाटकाबाहेर हॉर्न वाजला होता. वही टाकून पळालो. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी, आणि स्टेअरिंगवर जयमाला! जरीचं पातळ, पायात बूट. निकितानं महिनाभर रोज पहाटे कारखान्याच्या रस्त्यावर शिकवलं. शिकाऊ लायसन्स कधी काढलं, मला पत्ता नाही. मी वेड्यासारखा विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "त्या दिवशी मी मागं उभी हुते. म्हनलं, आता आपनच पुढं बसावं. बसा, उशीर व्हतोय."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी डावीकडे बसलो. पट्टा तिनंच लावून दिला. कारखान्याच्या फाट्यावर एक ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा मी डोळे मिटले, उघडले तेव्हा तो मागे पडला होता.

दारात मालनबाई तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन तयार. जावयाच्या पायावर पाणी घालायला ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन वाकल्या. दार उघडलं आणि बाहेर आले लेकीचे पाय. म्हातारी वाकलेलीच थांबली. बुटांना हात लावून पाहिलं. मग म्हणाली, "काढ ती बूटं." आणि सावकाश, दोन्ही पावलांवर, तांब्यातलं पाणी घातलं.

मी पलीकडून फिरून येईपर्यंत तळाशी थोडं उरलं होतं. मला पुरलं.