मागे नाव लिहिलेली कॅसेट

ओसाका
बुधवार, १३ फेब्रुवारी २०१९

काझुताईस,
हिसाचा नमस्कार.

खेकडे मिळाले. बर्फात नीट बांधलेले होते, एकाचाही पाय तुटला नव्हता. माझ्या धंद्याची खोड बघ, पिशवी उघडल्यावर आधी पाय मोजले, मग वास घेतला, आणि मग कुठे तुझी आठवण काढली. एकटीला एवढं खाववत नाही म्हणून एक दुकानात नेला. ओगिनो मालक म्हणाले, "बाई, बहिणीला कळवा, मूळ खोक्यासकट आणि बिनओरखड्याचा माल आला, ए दर्जा दिलाय." खाताना मात्र त्यांनी दर्जा बघितला नाही, कवचसुद्धा चोखलं.

तिकडे बर्फ किती आहे? भावजींना छपरावर चढू देऊ नकोस. गेल्या वर्षी घसरले तेव्हा नुसता खांदा दुखावला, दर वेळी खांद्यावर निभावत नाही.

तू फोनवर विचारलंस, माझा आवाज असा का येतो. सर्दी झाली आहे असं मी सांगितलं. सर्दी झालेली नाही. आज दुकान बंद असतं, सकाळपासून मी हे पत्र लिहिते आहे. याआधीची दोन फाडून टाकली.

बावीस वर्षांत तू माझं दुकान एकदाही पाहिलं नाहीस. जुन्या खेळण्यांवर कुणाचं पोट भरतं का, असं तू विचारायचीस आणि मी हसून विषय बदलायचे. आज सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लोक आपल्या लहानपणीच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट आणून विकतात. मी मागच्या टेबलावर दिव्याखाली बसते, हातात भिंग असतं. खोकं, पुस्तिका, कॅसेट सगळं धड असेल तर ए. वापरल्याच्या खुणा असतील तर बी. उन्हानं पिवळी पडलेली, कागद फाटलेली, तंबाखूचा वास मारणारी, ती सी. चालतच नसेल ती भंगारच्या टोपलीत. आणि कॅसेटच्या मागे नाव लिहिलेलं असेल, तर बाकी कितीही चांगली असो, दर्जा एक पायरी खाली.

नावं असतातच. आपल्या वेळच्या मुलांनी सगळ्यांवर लिहिली, शेजारच्याच्या घरी नेलेली कॅसेट परत यावी म्हणून. आता गिऱ्हाईक परदेशातूनही येतं, त्याला दुसऱ्याचं नाव नको असतं. म्हणून कापसाच्या काडीला स्पिरिट लावून आम्ही ते पुसतो. पहिल्याच दिवशी मालकांनी मला सांगितलं होतं, "नाव वाचायचं नाही. वाचलंत की कीव येते, आणि कीव आली की दर्जा वर चढतो." मी ते इतकं अंगवळणी पाडून घेतलं की आता हात पुसतो तेव्हा माझे डोळे पुढच्या कॅसेटवर असतात. दिवसाला चाळीस-पन्नास नावं पुसत असेन. एकही सांगता यायचं नाही.

जानेवारीच्या शेवटी सेरा नावाचा माणूस दोन खोकी घेऊन आला. तो घरं रिकामी करण्याचं काम करतो. माणूस एकटाच राहत होता, एकटाच मेला, आणि उशिरा कळलं, अशी घरं. त्याचा माल आमच्याकडे नेहमी येतो. खोकी ठेवतानाच म्हणाला, "बाई, वास आहे, पण भाव पाडू नका. आतला माल बघा. माणूस कसाही गेला असेल, पण जपणारा होता."

"कसा गेला?" मालकांनी विचारलं.

"उन्हाळ्यात. तीन आठवडे." एवढं बोलून सेरानं चहा मागितला. मी शेऱ्यात लिहिलं, वास: तीव्र.

माल खरंच जपलेला होता. प्रत्येक कॅसेट वेगळ्या कागदात गुंडाळलेली. अकरा झाल्या. अकरांवर नाव होतं, अकरा मी पुसली. बारावी निळी होती, ती मासे पकडायच्या खेळाची. तसल्या महिन्याला दहा येतात. मागे तीन नावं होती, शेजारी शेजारी उभ्या ओळींत. मी उजवीकडून पुसत गेले. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तेवढ्यात मालकांनी हाक मारली म्हणून हात थांबला, आणि परत खाली बघितलं तेव्हा डाव्या कडेला 'हिसाए' लिहिलेलं होतं. 'ए'ची शेपटी तू वळवायचीस तशी वळवलेली.

नववर्षाला तिघा भावंडांना मिळालेले पैसे एकत्र करून आपण ती घेतली होती. तेरु म्हणाला होता, माझं नाव आधी. तू म्हणालीस, मोठी मी, आणि अक्षरही माझं. आधी बॉलपेननं दाबून लिहिलंस, मग वरून काळ्या मार्करनं गिरवलंस. तो रुसला होता. मग तू त्याला सलग दोन डाव दिलेस.

ताई, पहिलं नाव मी पुसलं ते तुझं, आणि दुसरं तेरुचं. त्याआधीची अकराही तेरुचीच होती.

तुला हे वाचून धक्का बसणार नाही, हे मला माहीत आहे. सेराकडून पत्ता घेऊन मी वॉर्डाच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकून मुलीनं फाइल उघडली, माझ्याकडे बघितलं आणि फार जपून म्हणाली, "मोरिवाकी तेरुहिको यांच्याबद्दल ऑक्टोबरमध्ये त्यांच्या थोरल्या बहिणीला कळवलं होतं. अस्थी घेणार नाही, असं त्यांचं उत्तर आलंय. तुम्ही धाकट्या का? तुमचा पत्ता आमच्याकडे नव्हता." उत्तराखाली सहीच्या जागी तुझा शिक्का होता, ओळखीचा. अक्षर तर होतंच.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मधे आपण फोनवर किती वेळा बोललो. तू मुळ्याच्या लोणच्याबद्दल बोललीस, आईच्या वर्षश्राद्धाबद्दल बोललीस. एकदाही तुला सांगावंसं वाटलं नाही? पहिलं पत्र मी याच वाक्यापुढे फाडलं, कारण त्यापुढे मी जे लिहिलं होतं ते लिहिण्याचा मला हक्क नाही. का नाही, ते आता लिहिते. दुसरं पत्र मी इथे पोचून फाडलं होतं.

तेरु दुकानात आला होता. गेल्या जूनमध्ये, शनिवारी, गर्दीच्या वेळेला.

मी त्याला दारातच ओळखलं. केस पांढरे, शर्टाची कॉलर विरलेली, अंगाला घामाचा वास. एक गिऱ्हाईक त्याच्यापासून बाजूला सरकलं ते मी पाहिलं. त्यानं माझ्यापुढे रुमालात बांधलेल्या चार कॅसेट ठेवल्या आणि परक्यासारखं म्हणाला, "जरा बघता का?" मला अवघडायला होऊ नये म्हणून तो परका झाला, आणि मी ते चालू दिलं. मालक शेजारी उभे होते. हा माझा भाऊ, एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

मागचं नाव धरूनही चारही बी होत्या. पुस्तिकेच्या घड्यासुद्धा सरळ केलेल्या. मी चारही सी लिहिल्या. बावीस वर्षांत खोटा दर्जा मी त्या एकाच दिवशी दिला. का, तर भाव कमी मिळाला की तो पुन्हा यायचा नाही.

तो कागदाकडे बघत राहिला. हळूच म्हणाला, "हिसा, ही बी आहे ना गं?"

मी म्हणाले, "मागे नाव आहे."

"हो. ते आहेच," तो म्हणाला आणि सही करायला पेन मागितलं.

जुना माल विकणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घ्यावा लागतो, तसा कायदाच आहे. तो फॉर्म भरत होता आणि मान वर न करता बोलत होता, मालक आत गेले होते तेव्हा. म्हणाला, "आईच्या वेळी मी आलो होतो. बसनं. काळे कपडे नव्हते माझ्याकडे. तिथे पोचल्यावर कुणाकडून तरी मागून घेईन असं वाटलं होतं, पण मागणार कुणाकडे? घरासमोर घड्याळवाल्याच्या छपराखाली उभा होतो, आईची गाडी निघेपर्यंत." मला ते खोटं वाटलं. मग तो म्हणाला, "ताईच्या सपातेचा पट्टा तुटला ना? भावजींनी हातरुमाल फाडून बांधला. ती तशीच लंगडत गाडीपर्यंत गेली."

ताई, हे त्याला मी सांगितलेलं नाही. भावजी सांगणार नाहीत. त्या दिवशी रात्री तू जेवणाच्या पाटावर सगळ्यांसमोर म्हणालीस, आईला पोचवायलाही जो आला नाही तो आपला नाही, या घरात आता दोनच मुली. तो तेव्हा रस्त्याच्या पलीकडून नुकताच परत गेला होता. आणि हे जूनपासून माहीत असून मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो कुठे राहतो हे तू विचारलं असतंस.

ते मला माहीत होतं. फॉर्म माझ्याच खणात होता. आमच्या स्टेशनापासून दोन स्टेशनं पुढे. जुलैत पावसाळा गेला, ऑगस्टची ती काहिली आली, दुकानात आम्ही सगळे थंड हवेच्या यंत्राखाली बसून कुरकुरत होतो. त्याच्या खोलीत ते यंत्र बंद पडलं होतं, असं सेरानं नंतर सांगितलं. मी दोन स्टेशनं गेले नाही. तू फक्त त्याच्या अस्थी नाकारल्यास. माझ्याकडे तो जिवंत आला होता.

एवढं लिहून झालं. आता चहा करून घेते, हात गार पडले आहेत.

कचेरीतल्या मुलीनं सांगितलं की धाकटी बहीणही अस्थी घेऊ शकते. मार्चअखेरीपर्यंत कुणी आलं नसतं तर त्या बेवारस लोकांच्या सामाईक जागी गेल्या असत्या, मग कुणालाच वेगळ्या काढता आल्या नसत्या. मी सही केली. पांढऱ्या कापडात बांधलेला डबा आहे, माझ्या खोलीत खिडकीशी ठेवला आहे, हे लिहिताना समोरच आहे. डब्यावर कुणीतरी काळ्या मार्करनं त्याचं पूर्ण नाव लिहिलं आहे. नीट, ठळक. मी ते रोज वाचते.

आपल्या घराण्याच्या थडग्यात त्याला ठेवायचं तर देवळातले गुरुजी तुझ्या शिक्क्याशिवाय दगड हलवणार नाहीत. थडगं तुझ्या नावावर आहे. आई तिथे आहे, बाबा आहेत. त्याला तिथे जागा मिळावी एवढंच माझं मागणं आहे. मला क्षमा कर असं मी म्हणत नाही, त्याचं वेगळं बघू. त्याला मात्र तू चुकीच्या गोष्टीसाठी दूर ठेवलंस, आणि ते चुकीचं आहे हे मी दडवलं.

पाकिटात ती निळी कॅसेट ठेवली आहे. मी विकत घेतली. मालकांनी पैसे घेतले नाहीत, काही विचारलंही नाही. तू दिव्याखाली ती तिरकी धर. मार्कर गेला, पण तू बॉलपेन इतकं दाबलं होतंस की अक्षरांचे खड्डे राहिले आहेत. तुझं दिसेल, त्याचंही दिसेल. बोटालाही लागतं.

मार्चमधल्या पितरांच्या दिवसांत, २१ तारखेला, मी सकाळच्या गाडीनं कुरायोशीला येते आहे. फोन करू नकोस, फोनवर आपण दोघी पुन्हा लोणच्याबद्दल बोलू. मी दार वाजवणार नाही. घड्याळवाल्याच्या छपराखाली उभी राहीन, दहा वाजता. काळे कपडे घालणार नाही, दुकानात घालते तो तपकिरी स्वेटर असेल आणि हातात डबा असेल. दार उघडून तू हाक मारलीस तर रस्ता ओलांडू. नाही मारलीस तर दुपारच्या गाडीनं आम्ही दोघं परत जाऊ.

हाक मारशील तर त्याच्या नावानं मार.

कॅसेटवर उरलेली,
हिसा