मागच्याला दिलेला हात

आई, परवा मी, पन्नाशी उलटलेली तुझी मुलगी, भाड्याचा चामड्याचा सूट घालून रेसच्या ट्रॅकवर मोटरसायकल चालवून आले. पीथमपूरकडे आहे तो, इंदूरपासून तासाभरावर. पैसे भरून कोणालाही नाव नोंदवता येतं. आपलीच गाडी न्यायची. ते आरसे काढायला लावतात, दिव्यांवर टेप चिकटवतात आणि वीस-वीस मिनिटांसाठी सोडतात. शर्यत नसते, नुसतं चालवायचं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पागल झालीस का ग, हाडं काय लोखंडाची आहेत?" तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणून तर सांगायची हिंमत होतेय.

आरसे काढले तिथेच मला तू आठवलीस. मागे बघायची सवय तूच लावलेली. जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या आपल्या घरून सांवेरच्या शाळेत तू शिकवायला जायचीस आणि त्या मोपेडवर मी तुझ्या पाठीला पाठ लावून, मागे तोंड करून बसायची. ट्रक दिसला की ओरडायचं, तू कडेला घ्यायचीस, मी उजवा हात हलवून त्याला "जा" म्हणायचं. "हात दे त्याला, निकलू दे," हे तुझं ठरलेलं. एकदा मी सोयाबीनमध्ये उभी नीलगाय बघत राहिले. ट्रक इतक्या जवळून गेला की आपण दोघी चिखलात. तू उठलीस ती माझ्या कानाखाली वाजवूनच. "पुढचं मी देखते, मागचं तुझं! एवढं एक काम होत नाही?" आणि लगेच मला छातीशी धरून रडायला लागलीस. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

तर पहिल्याच फेरीत, सरळ रस्ता संपता संपता, मागे इंजिनाचा आवाज येतो. माझी मान वळते. माझ्यासारख्याच गाडीवरचा एक पोरगा. आणि मी काय करावं? उजवा हात उचलून त्याला "जा" म्हणते. तुझ्या मागे बसताना तो हात मोकळा असायचा ग, इथे त्याच हातात वेग द्यायचा थ्रॉटल. गाडी एकदम मंदावली, तो माझ्यावर आदळता आदळता बाजूच्या खडीत उतरला. पडला नाही, ही देवाची कृपा. फेरी संपल्यावर हेल्मेट काढून माझ्याकडे आला. "आंटीजी, मरवा देते आज," एवढंच म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ट्रॅकवर शिकवणारे सर मात्र ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "मॅडमजी, यहाँ हाथ उठाने का मतलब है गाड़ी धीमी हो रही है. पीछेवाले की फिकर पीछेवाला करेगा. आप अपनी लाइन मत छोड़ो. दुबारा हाथ उठा या गर्दन घूमी, तो आज का दिन खतम."

मागच्याची काळजी मागचाच घेईल! आई, हे वाक्य आपल्या घरात कोणी उच्चारलं होतं का? तू तर सगळ्यांनाच पुढे जाऊ दिलंस. हेडमास्तरीण व्हायची वेळ आली तेव्हा तुझ्यानंतर शाळेत लागलेल्या सरांना, "त्यांना घर चालवायचंय" म्हणत. आपलं घर काय हवेवर चालत होतं? मला तुझा राग येतो, स्पष्टच सांगते. आणि बढतीच्या वेळी तेच मी ऑफिसात दोनदा केलं, याचा त्याहून जास्त. म्हणून तो दिवस मला हातचा घालवायचा नव्हता. परत पाठवलं असतं तर मी पुन्हा कधी गेले नसते, मला माहीत आहे.

मग शेवटच्या फेऱ्यांना उतरले. दुसऱ्या वळणानंतर त्या पोराच्या गाडीचा तोच आवाज मागे. मान आखडते, उजव्या हाताची बोटं शिवशिवतात, कानाखाली तुझी ती चपराक. मी दात आवळले. बघायची नाही म्हणजे नाही. वळणाच्या आतल्या कडेला सरांनी खुणेचे प्लास्टिकचे शंकू ठेवले होते, फक्त तेवढेच बघत राहिले. एक फेरी झाली, दुसरी झाली. त्याला जागाच सापडेना. मग झेंडा दाखवला आणि वेळ संपली.

गाडीवरून खाली उतरले. पोरगा आला, हसत होता. "क्या आंटीजी, इस बार तो निकलने ही नहीं दिया!"

मी तुझ्याच आवाजात म्हटलं, "सॉरी बेटा, गलती से हो गया."

हे पत्र काही पोस्टात पडायचं नाही, तेव्हा तुला सांगते. चुकून झालं नव्हतं. दुसऱ्या फेरीत तो बाजूला यायला बघत होता, ते मला आवाजावरून कळलं होतं. मी थ्रॉटल आणखी पिळला. आणि तो मागे राहिला तेव्हा, आई, मला फार आवडलं.